व्हर्न ऑस्टरहाउटची हिरवीगार बाग

सेनेका सरोवराच्या पश्चिम काठावर व्हर्न ऑस्टरहाउट हा रिसलिंग या पांढऱ्या द्राक्षाचा आणि त्याच्या वाईनचा जाणकार समजला जातो. असं समजणाऱ्यांत पहिला नंबर त्याचाच. त्याच्या वायनरीचं ऑफिस मी सतरा वर्षं सांभाळतो आहे. तेवढ्या काळात मी त्याला वेलीसमोर वाकलेलं एकदाच पाहिलं.

बाग त्याची नव्हतीच. ती त्याची बायको मर्लीन हिच्या वडिलांनी लावली. उतारावरची तीन एकर रिसलिंग, अडतीस वर्षांची. तिची वाईन इतकी कोरडी, म्हणजे बिनगोडाची, निघायची की नवखा माणूस पहिल्या घोटाला डोळे मिटून घ्यायचा आणि दुसऱ्यासाठी ग्लास पुढे करायचा. छाटणी, बांधणी, तोडणी सगळं मर्लीन करायची. व्हर्न काउंटरमागे उभा राहून पाहुण्यांना सांगायचा, "जिभेवर दगड लागतोय ना? आमच्या उताराचा दगड आहे तो. यात साखरेचा कण सापडला तर दुकान बंद करीन." घरी हाच माणूस कॉनकॉर्ड द्राक्षाची गोड लाल वाईन बर्फ घालून पितो. कोरडी रिसलिंग प्यायली की त्याला आंबट ढेकर येतात.

आमच्याकडे नोव्हेंबरात प्रत्येक वेलीच्या बुंध्याला मातीची भर देतात. वेल कलमी असते, खाली रानटी खुंट आणि वर रिसलिंग. सांधा मातीखाली राहिला तर वरचं सगळं थंडीने मेलं तरी तिथून रिसलिंग पुन्हा फुटते. इथल्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं.

त्या नोव्हेंबरात मर्लीन बहिणीच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रॉचेस्टरला गेली होती. जाताना भर द्यायला माणसं सांगून गेली होती. ती माणसं आली, तेव्हा व्हर्नने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. ओळींमध्ये त्याने बागेत लग्नाचे फोटो काढायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हिरवळ पेरली होती, ती उकरली गेली असती.

मी म्हणालो, "व्हर्न, मर्लीनला एक फोन करून विचार तरी."

"तू तुझ्या फायली बघ. सरोवर कधी गोठलंय का? एवढं पाणी खाली आहे, वर थंडी येईलच कशी?"

मर्लीन परतली तोवर जमीन दगडासारखी झाली होती. जानेवारीत पारा फॅरनहाइटमध्ये शून्याच्याही खाली नऊवर गेला आणि दोन दिवस तिथेच राहिला. तिसऱ्या दिवशी मर्लीनने बागेतून काड्या आणल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ब्लेडने त्यांच्यावरचा एकेक डोळा, म्हणजे पुढे फुटणारा कोंब, कापून पाहिला. जिवंत डोळा आतून हिरवा असतो. तिने शंभर कापले, शंभरच्या शंभर काळे निघाले. आता आशा होती ती सांध्याची, आणि सांधा तर उघडा होता. वडिलांची एक तरी वेल राहू दे, एवढंच तिला हवं होतं. मे महिनाभर ती प्रत्येक बुंध्याशी गुडघे टेकून बघत गेली.

जूनमध्ये बाग फुटली. जमिनीतून हातभर फुटवे वर आले, चकचकीत पानांचे, भलते जोमाचे. व्हर्नला आनंद मावेना. त्याने स्वतः, आयुष्यात पहिल्यांदाच, ते फुटवे तारांना बांधले.

"बघितलंस? मेली म्हणत होतीस ना?" तो मर्लीनला म्हणाला. "वेल ओळखायला नजर लागते."

"तो खुंट फुटलाय, व्हर्न. रिसलिंग नाही ती."

"तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही! रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावतो. डोळ्यांनी बघतील."

"बोलाव," मर्लीन म्हणाली.

रविवारी काठावरचे वीसेक बागवाले आले. भाजलेली कोंबडी, मिठात उकडलेले बटाटे, सगळं मर्लीनने केलं. जेवण झाल्यावर व्हर्नने मंडळींना बागेत नेलं आणि सरोवराच्या उबेवर भाषण ठोकलं. शेजारचा एल्डन प्राउटी, सत्तरीचा बागवाला, भाषण चालू असतानाच वाकला. त्याने एक पान तोडलं, पालथं केलं, मग फुटव्याच्या मुळाशी माती उकरून बघितली.

"व्हर्न, लेका, हे कोणतं द्राक्ष लावलंस?"

"कोणतं म्हणजे? रिसलिंग!"

"मग घड कुठे आहेत?"

"यंदा उशीर झालाय. थंडीमुळे."

कोणीतरी खो खो हसलं. मग कोणीच हसलं नाही, कारण मर्लीन ओळीत शिरून एकेक बांधणी कापू लागली होती. आमच्याकडे बागवाल्याच्या खिशात रविवारीही कात्री असते. एल्डनने आपली काढली, मग इतरांनी. व्हर्न ओरडत राहिला, "अरे, संध्याकाळी पाहुणे यायचेत! तेवढा हिरवा पाला तरी राहू द्या!" त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

चहाच्या वेळेपर्यंत तारा मोकळ्या झाल्या होत्या. मर्लीन शेवटच्या खांबाला टेकून उभी होती.

"पोरी, माझ्या वरच्या चार ओळी तुझ्या बापाच्याच काड्यांच्या आहेत," एल्डन म्हणाला. "छाटणीला ये. हव्या तेवढ्या ने, नवी कलमं बांध."

तिने कात्री मिटून खिशात ठेवली. मग म्हणाली, "नेईन. पण एल्डन, लावीन तुमच्या कुंपणाच्या आत. इथे नाही."

दोन वर्षांनी नवी कलमं एल्डनच्या उतारावर लागली. त्यांची वाईन निघायला अजून तीन वर्षं तरी जातील, आणि बाटलीवर नाव मर्लीनच्या वडिलांचं असेल. व्हर्न आता बाहेरून रस विकत आणतो. त्याची वाईन गोडसर असते, ती त्याला सोसते. पाहुण्यांना तो सांगतो की जुनी बाग थकली होती, म्हणून ती त्यानेच विचारपूर्वक काढून टाकली. मर्लीन तेव्हा काउंटरपाशी नसते. ती सकाळीच कात्री घेऊन एल्डनच्या वाटेला लागलेली असते.