उर्दू कागदाखाली माझी सही

अक्षर माझं ओबडधोबड आहे, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. चौथीतच शाळा सुटली. वाचणाऱ्यानं माफ करावं.

नवरा वारल्यावर निर्णा गावातलं त्याचं शेत माझ्या नावावर चढवायचं होतं. त्याला विरासत म्हणत. ते काम पटवाऱ्यांवरच्या साहेबाच्या, गिरदावराच्या हातात. सहा महिने त्यानं हेलपाटे घालायला लावले. मग एका दुपारी, कागद तयार आहे म्हणून मला एकटीला सरकारी बंगल्यावर बोलावलं आणि दार लावलं. शेत पाहिजे तर गप राहा म्हणाला. मी ओरडले, त्यानं तोंड दाबलं. पुढचं लिहीत नाही. जबरदस्ती केली, एवढं लिहून ठेवते.

मी पोलिसात तक्रार दिली. लगेच पंच घरी आले, सासऱ्यांशी आत बोलले. बाहेर येऊन सगळ्यांच्या कपाळी विभूती लावली, माझ्याही, आणि उर्दू कागद पुढं केला. तेव्हा सरकारी कागद उर्दूतच असत, मला ते वाचता येत नव्हतं. सासरे म्हणाले, विरासतीचा आहे. कपाळावर विभूती असताना कुणी खोटं बोलत नाही, असं मी धरून चालले. अंगठा न लावता ऐटीत सही केली.

कोर्टात तो कागद वाचला. गिरदावराकडून तीनशे रुपये पोचले, आता तक्रार नाही, असं त्यात होतं. गिरदावराचा वकील हसून म्हणाला, "बाई शिकलेल्या आहेत, साहेब. सही बघा की, किती ठळक." गिरदावर पान चघळत बसला होता.

सासऱ्यांनी त्याच पैशातून घेतलेला बैल आमच्या गोठ्यात होता. चार महिने मीच त्याला कडबा घातला होता. माझा वकील म्हणाला, फसवून सही घेतली म्हणायचं, तर पैसे घरात नकोत, कोर्टात परत भरा.

"मामा, बैल विका," मी म्हणाले. सासऱ्यांपुढं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"कामून? पेरणी आली. नांगर तू वढणार व्हय?"

"वढते. त्याचा बैल दारात ऱ्हाणार न्हाई."

हुमनाबादच्या बाजारात बैल दोनशे साठला गेला. उरलेल्या चाळीसासाठी मन्नाएखेळ्ळीच्या अडत्याकडं भुईमुगाच्या शेंगा फोडल्या. शेजारी बसलेल्या बाया विचारायच्या, "काय गिरदावरीणबाई, तुम्हाला कशाला मजुरी?" मी शेंगा फोडत राहिले. बोटं सोलली.

तारखेला पैशाचं पुडकं कोर्टाच्या टेबलावर ठेवलं. न्यायाधीशांनी बाईची जबानी घ्या म्हणून सांगितलं. मी म्हणाले, आधी पैसे मोजा. कारकुनानं त्याच्या वकिलासमोर दोनदा मोजले. पुरे तीनशे भरले.