मापाचा तीर

मी तोंडाची फाटकी. सोनपेठला आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. पण एक गोष्ट मी अशी गिळून बसले, की ती आजवर ना नवऱ्याला सांगितली ना पोरीला.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, पोर आबा म्हणायची. बांबूच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लेक नववीत असताना शाळेत धनुर्विद्या सुरू झाली आणि मामांनी नातीसाठी बांबूचा तीरकामठा केला. कामठ्यापेक्षा त्यांचा जीव तिरांत जास्त. दाराच्या चौकटीला दोऱ्यानं एक काडी आडवी टांगलेली असायची. तिच्या एका टोकाला मापाचा तीर, दुसऱ्या टोकाला नवा. नवा हलका निघून वर गेला, की मामा तो काढायचे आणि गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडायचे.

एकदा मी चिडलेच. "मामा, चांगले सरळ तीर कामून मोडायलाव?"

"माय, कामठ्याचा जोर तिरानं संगं न्यावा लागतो. हलक्याला तेवढा नेता येत न्हाई. मग उरलेला जोर कामठ्यातच राहतो अन् त्यालाच खातो."

ऐका यांचं! मला ते म्हातारपणाचं वेड वाटलं.

जिल्ह्याची निवड परभणीला होती. निवड झाली तर पोर खेळाच्या वसतिगृहात जाणार, पुढचं शिक्षण तिथंच होणार. नाही तर दहावीनंतर शाळा बंद, हे तिच्या बापानं सांगूनच टाकलेलं. मलाही नववीतूनच काढलं होतं. ती आग माझ्या पोटात अजून होती.

विहारामागच्या मैदानात मी तिचा सराव बघायला जायचे. लांबच्या निशाणापर्यंत तीर पोचायचेच नाहीत, अलीकडेच मातीत रुतायचे. पोर रडकुंडीला यायची आणि माझा जीव तीळतीळ तुटायचा. मामांचं एकच, "हातात जोर येऊ द्या, पोचतील." कधी येणार तो जोर? निवड पंधरा दिवसांवर आली होती.

मामा चुडाव्याला लेकीकडे राहायला गेले, तेव्हा मी काचेचा तुकडा घेऊन बसले आणि सहाच्या सहा तीर तासून बारीक केले. पोरीला सांगितलं, "आबाच जाताना तासून ठेवून गेलेत." दुसऱ्या दिवशी तीर थेट निशाणावर! पोरीनं मला मिठीच मारली.

चार दिवसांनी म्हणाली, "मम्मी, दोरी सुटली की कामठा लय ठणकायलाय. हाताला झिणझिण्या येतात."

"होईल सवय," मी म्हटलं.

निवडीच्या दिवशी मामा चुडाव्याहून रेल्वेनं थेट परभणीच्या मैदानावर आले. तोवर पोर रेषेवर उभी होती. पहिला तीर सुटला आणि मामांनी झटकन मान वर केली. आवाजावरूनच त्यांना कळलं असावं. माझा दंड धरून म्हणाले, "थांबव तिला. कामठा रिकामा वाजायलाय."

"गप बसा मामा! पोचायलेत ना तीर?" मी चारचौघांत ओरडले.

ते तरीही पुढं निघाले. मी त्यांचा सदरा धरून ठेवला. तिसऱ्या तिराला पोरीनं दोरी गालापर्यंत ओढून सोडली आणि काडकन आवाज झाला. कामठ्याचं वरचं पातं तुटून तिच्या उजव्या डोळ्यात गेलं.

डोळा वाचला नाही. दवाखान्यात पट्टी बांधून पडलेली पोर तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, तीर तर तुमीच तासले होते. मग कामठा कामून मोडला?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. नेहमी नको तिथं चालणारं तोंड, मेलं तेव्हाच बंद पडलं.

"माप चुकलं माझं," मामा म्हणाले. "माझीच चूक हाय, माय."

दहावीनंतर पोरीची शाळा सुटली. मामांनी चौकटीवरची काडी काढून टाकली आणि पुन्हा बांबूला हात लावला नाही. पोर त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. मी ताट वाढून दिलं, की ती त्यांच्यापुढं सरकवायची आणि तोंड फिरवायची. तेही खाली बघून जेवायचे. मी रोज ठरवायचे, आज सांगते. रोज भाकरी थापायला बसायचे आणि उठायचे.

मागच्या महिन्यात मामा गेले. त्यांची पेटी आवरायला घेतली, तर तळाशी फडक्यात बांधलेले तीर सापडले. ते सहाही माझे तासलेले. प्रत्येक मधोमध मोडलेला. मापाचा तीर तेवढा अख्खा. मैदानावरून ते सगळे वेचून आणून म्हाताऱ्यानं एकेक तोलून बघितला होता.

मी घाईनं फडक्याला पुन्हा गाठ मारायला लागले. तेवढ्यात पोर दारात आली. डोळा गेल्यापासून ती मान थोडी उजवीकडं वळवूनच बघते.

"काय हाय गं मम्मी त्यात?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "जळण हाय."

ती आत गेली. मी फडकं चुलीशी नेलं आणि मापाच्या तिरासकट सगळं आत सारलं.