शिपायाच्या बायकोचं नाव

मंडळी, एका नावाची खरी किंमत सांगतो: चार शनिवार, आखडलेली मान आणि बायकोचा अबोला.

इथे कोलोनमध्ये आमच्या शेजारच्या बेकरबाई, इथल्या भाषेत फ्राऊ बेकर, पुढच्या आठवड्यात वृद्धाश्रमात जाणार. त्यांची आजी मेक्सिकोची. तिथे स्पेनचं राज्य होतं तेव्हा आंद्रेस रोब्लेस नावाचा शिपाई फौजेत होता, तो त्यांचा मूळपुरुष. त्याच्या बायकोचं नाव त्यांना जाण्याआधी हवं होतं.

मी म्हटलं, "सोडा माझ्यावर. दोन प्रश्नांत कुणाचीही सोयरीक काढतो मी!"

इथल्या ग्रंथालयात तिकडच्या चर्चमधल्या जुन्या लग्ननोंदी फिल्मवर उतरवून ठेवल्या आहेत. नोंदीत वधूवरांच्या आईबापांची नावं असतात. म्हणजे शिपायाच्या मुलांची लग्नं शोधायची, बस्स. पण आई-बाप दोघंही रोब्लेस, अशी नोंद एकही सापडेना.

आज ग्रंथालयाच्या काउंटरवरून एका स्पॅनिश जोडप्याची नावं पुकारली, तर दोघांची आडनावं वेगळी. माझे कान टवकारले. विचारलंच, "तुम्ही नवरा-बायको ना?"

बाई हसल्या. "हो, हो! पण लग्न केलं म्हणून बापाचं आडनाव सोडायचं?"

म्हणजे आपल्याकडच्या सवयीने मी नेमक्या हव्या त्याच नोंदी सोडत आलो होतो! पुन्हा पहिल्यापासून बसलो. ग्रंथालय बंद व्हायच्या आत तीन लग्नं सापडली. तिन्हींत बाप आंद्रेस रोब्लेस, आई मारिया सोतो.

फ्राऊ बेकरनी ते नाव तीनदा म्हणून पाहिलं, डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आणि तुमच्या आजीचं माहेरचं आडनाव?"

तुम्हाला ठाऊक आहे का तुमच्या आजीचं? मला नाही.