काशिनाथरावांची बाजारसभा

काशिनाथराव इंगळे यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती भांडणातच. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. जळगाव जामोदहून बदली होऊन मी दुसरबीडच्या शाळेत इतिहास शिकवायला आलो. जिल्हा तोच, पण सातपुड्याच्या पायथ्यापासून पार दुसरे टोक. एस.टी.त बसून अंग आंबून गेले होते. उतरलो तेव्हा आठवडी बाजार उठत आलेला, आणि लिंबाखाली माणसे गोळा होऊन बसलेली. भाजीवाल्या बाया टोपल्या आवरता आवरता कान देऊन ऐकत होत्या. धोतर-टोपीतले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचून दाखवीत होते. वाचन संपवून ते म्हणाले, शेजारची दोन राष्ट्रे कितीही वैरी असोत, दोन्हीकडच्या साध्या माणसांनी ठरवले तर लढाई होणार नाही.

माझ्या काखेत वळकटी होती, तरी तोंड आवरले नाही. म्हणालो, "साध्या माणसाले इचारून कोनती लढाई झाली हो आजवर?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणूनच तर झाल्या सगळ्या. बसा इथं. चहा झाला का?"

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, तर मुख्याध्यापकांच्या खुर्चीत तेच बसलेले. माझी काय गत झाली असेल ते वाचकांनीच ओळखावे.

खोली मिळेपर्यंत त्यांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतले, आणि जामोदहून आलो म्हणून जामोदकर म्हणू लागले. सरूवहिनींच्या हातची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन मी असा काही सुखावलो, की खोली शोधण्याचे नावच काढीना. त्यांचा एकुलता मुलगा प्रल्हाद मला काका म्हणायचा आणि वडिलांना डिवचण्यासाठी वादात मुद्दाम माझी बाजू घ्यायचा. ओसरीवर आम्हा तिघांचा आवाज चढला की वहिनी आतून म्हणत, "जेवून भांडा, भाकर गार होऊन राह्यली." ते दिवस आठवले की आजही जीव कासावीस होतो. पुढे प्रल्हाद फौजेत भरती झाला. मी सरांना चिडवले, "लोकमत लोकमत करता, घरातलं मत काय झालं मग?" ते हसून म्हणाले, "त्याचं मत त्यानं दिलं. मी शिकवलं तेच केलं पोरानं."

आता लिंबाखालच्या त्या बाजारसभेविषयी. ती काशिनाथरावांनीच सुरू केली होती आणि तिचा नियम एकच होता. ज्याच्या घरावर गोष्ट येणार, त्याने आधी बोलायचे. रस्ता रुंद करण्याचे निघाले तेव्हा दुकानदार बोलायला उतावीळ झाले होते. सरांनी त्यांना थांबवून, ज्याचे शेत रस्त्यात जाणार होते त्या म्हाताऱ्याला उभे केले. त्याला धड बोलताही आले नाही, नुसता टोपी काढून उभा राहिला. पण त्याच्यानंतर बोलायचे म्हटल्यावर बाकीच्यांची भाषा आपोआप मऊ झाली. शेवटी रस्ता थोडा वळवला आणि त्याच्या शेतातली विहीर वाचली.

मग पाकिस्तानशी लढाई पेटली. खरिपाची पिके उभी होती, पण शेतात कोणाचे लक्ष नव्हते. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती गाव लोटायचा. मीही पेटलो होतो. बाजाराच्या दिवशी मी सभेत ठराव मांडला, की सरकारने शेवटच्या माणसापर्यंत लढावे, माघार घेऊ नये, आणि हे दुसरबीडचे मत म्हणून दिल्लीला कळवावे. तो ठराव माझा होता, आणि त्या दिवसांत आमच्या गावात दुसरा कोणता ठराव झाला असता असे मला आजही वाटत नाही.

नियमाप्रमाणे ज्यांच्या घरचे माणूस सरहद्दीवर, ते आधी बोलणार. अशी घरे दोनच. एक सरांचे आणि दुसरे कौसाबाईंचे, त्यांचाही मुलगा फौजेत होता. कौसाबाई वांगी-मिरच्या विकायला बसत. त्या म्हणाल्या, "सुरू झालीच हाये तं जिकूनच या म्हना. माहा हात वर हाये."

सर उठले. "ठरावात शेवटच्या माणसापर्यंत असं लिहिलंय. तो शेवटचा माणूस कोण, हे इथं कोणाले ठाऊक आहे का? मले नाही. म्हणून मी हात वर करणार नाही."

मागून कोणीतरी ओरडले, "सर, तुमी पाकिस्तानचे हाये का हो?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. म्हणालो, "त्याईचं पोरगं कुठं हाये ते इचार आंधी, मंग तोंड उघड." ठराव माझा, पण सरांना कोणी असे बोललेले मी खपवून घेणार नव्हतो. सर मात्र शांत होते. "बसा जामोदकर, मत घ्या," एवढेच म्हणाले.

हात वर झाले. सगळ्या गावाचे झाले. बायांमध्ये बसलेल्या सरूवहिनींचाही झाला. "पोराच्या मांगं सारा गाव पायजे," असे त्या हळूच बोलल्या. सर एकटे पडले.

दुसऱ्या दिवशी मी पाहतो तो सर स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात ठराव उतरवून काढीत होते. उतरवून झाल्यावर ते पोस्टाकडे निघाले. मी वाटेत गाठून म्हणालो, "द्या, मी टाकतो. तुमी काऊन जाता?" मला त्यांच्याकडे बघवत नव्हते. ते थांबले. "सभेचा ठराव आहे. माझ्या बाजूचं असलं तरच ते लोकमत काय?" आणि माझ्यादेखत त्यांनी पाकीट पेटीत टाकले. मनाविरुद्धच्या मताला इतका मान देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

युद्धबंदी झाली तेव्हा गावात पेढे वाटले. सरांनीही घेतला, अर्धा वहिनींना दिला. तार त्यानंतर आली. लढाई थांबायच्या आधीच प्रल्हाद गेला होता.

पुढच्या बाजाराला सभा भरेल असे कोणालाच वाटले नव्हते. पण सर आले. नेहमीच्या जागी न बसता ते सगळ्यांच्या मागे, पोत्यावर जाऊन बसले. मी त्यांना आणायला गेलो. "सर, पुढं चला."

"माह्या घरचं आता कोणी फौजेत नाही, जामोदकर. आता आधी कौसाबाईनं बोलायचं."

भर बाजारात मला रडू फुटले. लपवावे असेही वाटले नाही. कौसाबाई उभ्या राहिल्या, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माहा नंबर सरले द्या."

सर उठले. "तिकडंही अशीच तार कोणाकडं गेली असंल. त्या बापाले कोणी विचारलं नसंल, आन् त्याची अशी सभाही नसंल. असली पाहिजे. आता लढाई नाही, तवर हे बोलून घेऊ. एकदा चालू झाली की आईचाही हात वर जातो." वहिनी तिथेच होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

त्यानंतर सरांनी बदला, सूड हे शब्द कधी उच्चारले नाहीत आणि सभा कधी चुकवली नाही. निवृत्त झाल्यावरही ते आजूबाजूच्या गावांत बाजाराच्या दिवशी जातात आणि तो शेवटचा माणूस कोण, हाच प्रश्न विचारतात. काही ठिकाणी लोक ऐकतात, काही ठिकाणी टिंगल करतात. बुलढाण्याच्या एका शहाण्या वकिलाने त्यांना भाबडे म्हटले. मी त्याच्याशी अजून बोलत नाही.

आता सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. लोकमताने लढाई टळते, हे त्यांनी मला अजून पटवून दिलेले नाही. मी इतिहास शिकवतो. झालेल्या सगळ्या लढाया माझ्या बाजूने साक्ष देतात आणि त्यांच्या बाजूला ही एवढीशी सभा. पण हा वाद मला जिंकायचा नाही. काशिनाथरावांना आणि सरूवहिनींना निरोगी, उदंड आयुष्य मिळो. इतके मिळो, की त्यात तो दिवसही यावा, जेव्हा दोन्हीकडच्या आईबापांना आधी विचारले जाईल आणि लढाई होणारच नाही. त्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर जाईन आणि वहिनींसमोर कबूल करीन, "सर, मी हरलो."