परत नेलेले हार

वडवणीच्या बाजारात दसऱ्याच्या झेंडूचे ढीग लागले की मी नाकाला पदर लावते. त्या वासाबरोबर आमच्या दारात थांबलेली लष्कराची जीप आठवते.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. फौजेची जीप दारात आली म्हणजे पोरगा शहीद झाला, एवढंच गावाला ठाऊक. निरोप कळायच्या आधीच दुकानं बंद झाली, सरपंच झेंडूचे हार घेऊन आले, अंगणात ‘अमर रहे’च्या घोषणा सुरू झाल्या. आई छाती बडवत होती.

जीपमधल्या साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. दादा जिवंत होता. रजा नाकारली म्हणून त्यानं सुभेदाराला गोळी घातली होती आणि लष्करी कोर्टानं त्याला फाशी सुनावली होती. ती पुढे दिलीही.

सरपंचांनी हार मुकाट्यानं पिशवीत भरले. “चला बे,” कुणीतरी म्हणालं आणि अंगण रिकामं झालं. वास तेवढा राहिला. तेव्हा मला लाज वाटली होती. आज त्या पिशवीचा संताप येतो.

आई डोळे पुसत उठली.

“लेकरू जित्तं हाय म्हनल्यावर,” तिनं मला विचारलं, “समदे का म्हून गेले गं?”