तिसरा पर्याय

शहापूरच्या सायबर कॅफेत आम्ही दोघं मित्र, नोकरीला लागलेले घोडे, ‘फक्त प्रौढांसाठी’ लिहिलेला जपानी गेम खेळायचो. गेम कसला, पडद्यावरची कादंबरीच. नायिका बोलणार, आपण खालच्या तीन उत्तरांतलं एक निवडणार. आलो होतो भलत्याच आशेनं, पण तिच्या गोड बोलण्यातच अडकलो. मित्राची तक्रार एकच, “एवढं प्रेम झालं, पन हिचा मामा कुठं हाय रे?”

पुढं त्याच्यासाठी वैशाखरे गावाला मुलगी बघायला गेलो. पोहे झाले. इथं मामा होता. तो म्हणाला, “विचारा मुलीला काय ते.” मित्र घामाघूम, नुसता पोह्यांची रिकामी बशी चमच्यानं खरवडत बसला. शेवटी मुलगीच म्हणाली, “पानी आनू, चहा आनू, का तुमचं पन मीच बोलू?”

मित्राचा चेहरा एकदम उजळला. “तिसरं,” तो म्हणाला.