कैफियतीचा रकाना

हैदराबादेतल्या आमच्या मराठी मंडळाची वधू-वर नोंदवही नानांकडे असे. नाना म्हणजे माझे वडील. नारायणगुड्यातल्या दोन खोल्यांच्या आमच्या घरात लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर ती वही, आणि कपाटाची किल्ली नानांच्या जानव्याला. पुण्याकडचे लोक आम्हाला निम्मे तेलुगू समजत आणि तेलुगू शेजारी आम्हाला पाहुणे समजत, त्यामुळे स्थळ बघायचं म्हटलं की गावातल्या मराठी घरांना नानांची पायरी चढावीच लागे.

वहीत एकेकाला एक पान; नाव, शिक्षण, नोकरी, पत्रिका असं सगळं मराठीत होतं. शेवटचा रकाना मात्र उर्दूत. नाना निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले आणि महसूल खात्यात कारकून झाले. तिथल्या प्रत्येक दफ्तराला शेवटी ‘कैफियत’ नावाचा रकाना असे, साहेबांनी शेरा लिहायचा. नानांनी तो घरच्या वहीतही आखला. चारचौघांत बोलायचं नाही ते तिथे जाई. कोणाला एका कानानं ऐकू येत नाही, कोणाचं ठरलेलं लग्न एकदा मोडलंय, कोणाच्या काकांना वेड लागलं होतं. आम्हा पोरांना उर्दू बोलता येई, वाचता येत नसे. वही टेबलावर उघडी पडली तरी त्यातलं गुपित जागच्या जागी राही. नानांचा कुलपापेक्षा त्या लिपीवर जास्त भरवसा होता.

यात लपवाछपवी नव्हती, हे सांगायला हवं. बोलणी पक्की व्हायच्या आधी नाना स्वतः मुलाच्या किंवा मुलीच्या वडिलांकडे जात, चहा घेत, बायका आत गेल्या की हळू आवाजात कैफियत सांगत. एकदाच आणि एकाच माणसाला. “लपवायचं नाही, पण दवंडीही पिटायची नाही,” असं ते म्हणत. चाळीसेक वर्षांत त्यांच्या तोंडून गेलेली गोष्ट तिसऱ्या कानावर गेली नव्हती.

मग त्यांना मोतीबिंदू झाला, आणि मला शहाणपण सुचलं. त्या वर्षांत नारायणगुड्यात दर दोन दुकानांआड एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. मी शाळेत शिकवत होते, लग्न केलं नव्हतं, तिशी उलटून गेली होती, आणि क्लासचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीनं इंटरनेटवर फुकट ‘ग्रुप’ काढून द्यायला सुरुवात केली होती. तिथे यादी ठेवायची, सभासदांनी घरबसल्या बघायची. मी मंडळाची वही तिथे नेते म्हटल्यावर नानांनी एकच प्रश्न विचारला.

“हे लोक फुकट कैकू करून राहिले?”

“नाना, केवढी मोठी कंपनी आहे ती. तिला तुमच्या वहीचं काय करायचंय?”

“तेच विचारून राहिलो मी.”

मी हसले. आज त्या हसण्याची मला मनापासून चीड येते.

रोज दुपारी शाळेतून आल्यावर नाना भिंगातून वही वाचत आणि मी शाळेच्या वहीत उतरवून घेई. शेवटच्या रकान्याशी आले की घरात आम्ही दोघंच असूनही त्यांचा आवाज खाली जाई. आपल्यामागे हे काम मी बघणार, म्हणून ते मला सांगत होते. मी त्यांना एक सांगितलं नाही. कंपनीच्या त्या फॉर्ममध्ये शेवटी शेऱ्यासाठी एक चौकोन होता, शेजारी छोट्या कुलपाचं चित्र, आणि खाली लिहिलं होतं की हे फक्त तुम्हालाच दिसेल. हिमायतनगरच्या इंटरनेट कॅफेत बसून मी कैफियतही टाइप केली, स्वच्छ इंग्रजीत. मराठी टाइप करायची तेव्हा पंचाईतच होती. उर्दूतली ‘मिरगी’, म्हणजे फेफरं, मी डिक्शनरी बघून, स्पेलिंग तपासून लिहिली. काम चोख असल्याचा मला अभिमान वाटला.

वर्षभर सगळं छान चाललं. मंडळाच्या बैठकीत माझं कौतुक झालं, नारळ मिळाला. मग एक दिवस कंपनीची मेल आली की आमचे नियम बदलत आहेत. खाली पानंच्या पानं इंग्रजी आणि शेवटी ‘मान्य’ असं बटण. सत्यनारायणाची कथा आपण प्रसादाच्या आशेनं का होईना शेवटपर्यंत ऐकतो. मी पहिल्या ओळीनंतर बटण दाबलं.

कुकटपल्लीला हाउसिंग बोर्डाच्या घरात राहणारी एक मुलगी नानांच्या वहीत होती. तिच्या वडिलांची तिथल्याच एका कारखान्यात नोकरी, ती स्वतः बँकेत. तिची कैफियत अशी होती: नवव्या वर्षापासून मिरगी, औषध चालू, तीन वर्षांत फिट नाही. तिचं नांदेडला ठरलं होतं. दिसत नसतानाही नाना नांदेडला जाऊन मुलाच्या वडिलांच्या कानावर सगळं घालून आले होते. ते सज्जन निघाले. म्हणाले, औषधानं बरं आहे ना, मग विषय संपला. मुलीनं मुलालाही सांगितलं होतं. साखरपुडा झाला, हॉल ठरला.

मुलाच्या परदेशातल्या चुलतभावानं होणाऱ्या वहिनीचा फोटो सापडतो का बघावं म्हणून इंटरनेटवर तिचं नाव शोधलं. फोटो सापडला नाही. आमच्या ग्रुपचं पान सापडलं, आणि तिच्या नावासमोर मी तपासून लिहिलेलं स्पेलिंग. शेजारचं कुलूप नव्या नियमांत गेलं होतं. त्यानं ते अख्ख्या भावकीला पाठवलं.

नांदेडचा फोन नानांनीच घेतला. मी शेजारी उभी होते. पलीकडचा माणूस रडवेल्या आवाजात बोलत होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं. “मला माहीत होतं हो. पण आता सगळ्यांना माहीत झालं. घरात मी एकटा पडलो.” लग्न मोडलं.

नानांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ ते हिशेब लावत बसले. “वहीतून गेलं म्हणतात. पण ते तर उर्दूत है. उर्दू वाचणारं कोण येतं आपल्या घरात?”

उर्दू वाचणारं एकच माणूस येई. त्यांचे दफ्तरातले जुने दोस्त. नानांची नजर गेल्यापासून ते रोज सकाळी येऊन उर्दू पेपर वाचून दाखवत. दुसऱ्या दिवशी नानांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं, तब्येत नासाज आहे म्हणून. तिसऱ्या दिवशीही. ते म्हातारे गृहस्थ छत्री टेकत जिना उतरत होते आणि मी खिडकीतून बघत होते. तोंड उघडायला मला आणखी एक रात्र लागली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात भेकड रात्र.

सांगितल्यावर नाना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “मी तुला सांगितलं, तू कोणाला सांगितलं?” कंपनी म्हणजे कोण, ते मलाच माहीत नव्हतं. मग ते काठी घेऊन दोस्ताच्या घरी गेले आणि माफी मागून आले.

ग्रुपमधलं पान मी त्याच दिवशी पुसलं. तरी शोधलं की त्याची जुनी प्रत समोर येई. मी कंपनीला मेल लिहिली, एक नाही, सात. पहिलीचं उत्तर मिनिटाच्या आत आलं: आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. बाकीच्यांचं तेही आलं नाही.

नानांनी आपल्या पद्धतीनं निकाल लावला. मी उतरवून घेतलेली शाळेची वही जाळायला लावली, ब्लेडनं मूळ वहीचं एकेक पान शिवणीपाशी कापायला लावलं, आणि ज्याचं त्याला परत द्यायला ते माझा हात धरून दारोदार हिंडले. प्रत्येक ठिकाणी चूक स्वतःची म्हणून सांगितली. माझं नाव एकदाही घेतलं नाही. लोक काय बोलले ते मी लिहीत नाही. त्यांना बोलायचा हक्क होता.

कुकटपल्लीला आम्ही सगळ्यात आधी गेलो. तिच्या वडिलांनी बसा म्हटलं नाही. मुलगी बाहेर आली. नानांनी चाचपडत घडी केलेला कागद पुढे धरला.

“बेटा, हे तुझं पान. याची दुसरी नक्कल नाही.”

तिनं तो घेतला. उर्दू तिलाही वाचता येत नव्हतं. तिनं शेवटच्या रकान्यावरून नुसता अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं, नानांकडे नाही.

“नक्कल आहे ना, काका. तिकडे आहे. ती कोणाकडे मागायची?”

कुठला कागद कुठल्या टेबलावर अर्ज केला की मिळतो, हे जन्मभर लोकांना सांगत आलेला माणूस माझ्याकडे वळला. “सांग तिला. कोणाकडे मागायची?”

मी म्हटलं, मेल पाठवलीय. ती “हौ” म्हणाली आणि आत गेली.

नाना गेले त्याला बरीच वर्षं झाली. कंपनीनं ते ग्रुपही कधीच बंद केले. ती मुलगी गाव सोडून गेली, पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही आणि विचारायला मला तोंड नाही. वर्षातून एकदोनदा मी तिचं नाव शोधून बघते, ते पान पुन्हा कुठे वर आलंय का म्हणून. येत नाही. ते पुसलं गेलं, की नुसतं दिसत नाही, हे सांगणारं कोणी नाही.

परवा पुन्हा बघायला बसले. नावाची दोनच अक्षरं टाइप केली होती. पुढचं नाव, आडनावासकट, फोननं स्वतःच पुरं केलं.